गूगलवरची तुमची मेस कुणाच्या मेलवर आहे, ते आधी बघा

लातूरच्या ट्यूशन एरियात मेस, होस्टेल, डबे, अभ्यासिका असं काही चालवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, कारण 'गूगलवर तुमची मेस पहिली आणून देतो' म्हणून 'गोल्ड पॅकेज' विकून आम्हाला फसवणारा एजन्सीचा माणूस लातूरपुरता थांबलेला नाही. नांदेडच्या एका अभ्यासिकावाल्याकडेही त्याच 'गोल्ड पॅकेज'चं बिल निघालंय. त्याचं किंवा एजन्सीचं नाव देत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, आणि नाव तो तसंही बदलतो.

आधी आमच्या धंद्याचं सांगते, म्हणजे त्यानं नेमकं कुठं पकडलं ते कळेल. मेसचं वर्ष जूनमध्ये ठरतं. दहावीचा निकाल लागला, नीटचे रिपीटर आले, की परभणी, हिंगोली, बीडकडचे आईबाप पोराला घेऊन लातुरात उतरतात. क्लास, रूम आणि मेस एकाच फेरीत पक्की करायची आणि संध्याकाळची गाडी पकडायची. त्या गर्दीत जे पोरगं आमच्याकडं पहिलं ताट जेवलं, ते बहुतेक बारावीपर्यंत आमचंच. पूर्वी रूममालक सांगायचा, "काकूकडं बघा, चांगलं हाय." आता बाप ऑटोत बसल्या बसल्या मोबाईलवर 'मेस' टाकतो, तारे मोजतो, ताटाचा फोटो मोठा करून बघतो आणि फोन लावतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हासुद्धा आम्ही मेस चालवली, पण मोबाईलवर न दिसणाऱ्या मेसला पोरं कुठून आणायची?

हे त्या एजन्सीच्या पोराला पक्कं ठाऊक होतं. इस्त्रीचा शर्ट, पाठीला लॅपटॉपची बॅग, कार्डावर गूगलचा रंगीत शिक्का आणि खाली 'पार्टनर'. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा गूगलचाच माणूस. 'पार्टनर' हा बिल्ला गूगल खरंच देतं, पण तो त्यांच्या जाहिराती चालवणाऱ्या एजन्सीला. बिल्लेवाला म्हणजे गूगलचा नोकर नव्हे. मुख्य म्हणजे नकाशावर धंद्याची नोंद करायला गूगल एक रुपयाही घेत नाही, आणि तिथं वरचा नंबर पैसे देऊन मिळत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

पॅकेज होतं २४,००० रुपयांचं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२०. त्यात नकाशावर 'फर्स्ट पोझिशन गॅरंटी', शंभर रिव्ह्यू, इन्स्टाग्रामवर पाच हजार फॉलोअर, फेसबुकच्या जाहिराती आणि एक वेबसाइट. पैसे क्यूआर कोडवर. कोड स्कॅन केल्यावर एजन्सीचं नाही, एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "अकाउंट्सच्या मॅडम आहेत."

खरा डाव पुढं आहे. गूगलला खात्री पटवावी लागते की धंदा खरंच या जागी आहे आणि नोंद करणारा तो चालवतो. त्यासाठी ते एक व्हिडिओ मागतात, न थांबवता, एकाच दमात काढलेला. त्यात रस्ता, शेजारची दुकानं, बोर्ड, आतलं सामान, आणि जागा आपल्या ताब्यात असल्याचं दिसेल असं काहीतरी, म्हणजे कुलूप उघडणं किंवा गल्ला उघडणं. त्यानं मला शटरसमोर उभं केलं. "काकू, चावी जरा वर धरा. आता उघडा. आता आत चला." आत पोळ्यांच्या बाया कणीक मळत होत्या, त्यांनी लाजून पदर तोंडावर घेतला. तो चुलीपाशी गेला, येसराच्या आमटीचं पातेलं व्हिडिओत घेतलं, परत बाहेर येऊन बोर्डावर थांबला. ही जाहिरातीची फिल्म, असं सांगितलं. तो व्हिडिओ त्यानं स्वतःच्या मेल आयडीवरून गूगलला पाठवला. शटर आमचं, चावी माझ्या हातात, आणि कागदोपत्री मालक तो.

नातेवाईक म्हणाले, शिकलेल्या बाईनं ओटीपी दिलाच कसा! अहो, नोंद करताना धंद्याच्या नंबरवर कोड येऊ शकतो, तो सांगितल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. ओटीपी बँकेचा नव्हता. त्या ओटीपीनं खात्यातून एक पैसा गेला नाही. म्हणून तर ही फसवणूक चटकन ओळखू येत नाही. बँकेचा मेसेज येत नाही, काही चोरीला गेल्यासारखं दिसत नाही.

पहिले काही महिने सगळं छान. दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत पीडीएफ, 'रीच' इतका, 'इम्प्रेशन' तितके. फोन मात्र वाढले नाहीत. विचारलं की तो मेसमध्येच उभा राहून मोबाईलवर शोधून दाखवायचा आणि आम्ही पहिले! आता यातली मेख. गूगल नकाशावर कोण वर येणार हे तीन गोष्टींवर ठरतं: शोधलेल्या शब्दाशी तुमचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर, आणि तुमचा नावलौकिक. आमच्या दारात उभं राहून शोधलं तर आम्ही वर येणारच, त्यात त्याचं काय कर्तृत्व? कुणी असं दाखवलं तर त्याला बसस्टँडवर घेऊन जा आणि तिथं, तुमच्या मोबाईलवर, मेसचं नाव न टाकता शोधायला सांगा.

रिव्ह्यूंचं तर हसावं की रडावं. एका रात्रीत ढीगभर आले. नावं आपल्याकडची वाटेनात. उदगीरची एक मुलगी जेवता जेवता मोठ्यानं वाचायला लागली, "बेस्ट चिकन बिर्याणी, एसी हॉल, फॅमिलीसाठी उत्तम." आमच्याकडं कांदा-लसूण सोडला तर काही तामसी नाही, आणि एसी म्हणाल तर दोन टेबलफॅन. पोरं आठवडाभर मला "बिर्याणी वाढा काकू" म्हणत होती. गंमत संपली ती गूगलनं खोटे रिव्ह्यू पकडल्यावर. असे रिव्ह्यू ते काढून टाकतात, आणि प्रोफाइलवर, म्हणजे नकाशावरच्या आपल्या नोंदीवर, काही काळ नवे रिव्ह्यू घेणंही बंद करू शकतात. आमचं तसंच झालं. त्या सफाईत पोरांनी मनापासून लिहिलेले, घरच्या धपाट्यांची आठवण काढणारे रिव्ह्यूही गेले. ते अजून परत आले नाहीत, आणि २८,३२० रुपयांपेक्षा मला त्याचंच जास्त लागलं.

फॉलोअर कुठले आहेत ते इन्स्टाग्रामच प्रोफेशनल खात्यात शहरवार दाखवतं. आमचे निम्म्याहून जास्त परदेशातले होते. ते काय लातुरात डबा लावणार? जाहिरातींचंही तेच. फेसबुकची 'अ‍ॅड लायब्ररी' सगळ्यांना फुकट खुली आहे. पेजचं नाव टाकलं की सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात. "जाहिरात जोरात चालू आहे" असा त्याचा मेसेज आला त्याच दिवशी पुतण्यानं बघितलं, तिथं एकही नव्हती. तुमचा माणूस जाहिरात चालू आहे म्हणतो तेव्हाच बघा, नंतर नाही, कारण आपल्यासारख्यांच्या बंद झालेल्या जाहिराती तिथं दिसत नाहीत.

मग मे महिना आला आणि 'रिन्युअल'चा फोन. मी नाही म्हटलं. तो चिडला नाही, उलट गोड बोलला, "ठीक आहे काकू, विचार करा, सीझन आहे."

जूनमध्ये जिंतूरकडचा एक बाप पोरीला घेऊन दारात उभा. घामाघूम. मला म्हणाला, "ताई, तुम्हीच फोनवर म्हणालात ना, जागा भरल्यात म्हणून? दुसऱ्या मेसचा पत्ता दिला तुम्ही. तिथलं काही पटलं नाही, जाता जाता तुमचा बोर्ड दिसला." मी म्हटलं, मी कुणाचाच फोन घेतलेला नाही. त्यांनी मोबाईल दाखवला. आमचं नाव, आमच्या ताटाचा फोटो, आणि खाली नंबर भलताच. मी तिथंच त्यांच्यासमोर तो लावला. पलीकडून एका पोराचा आवाज, "हां बोला, मेस फुल्ल झालीय, दुसरी सांगू का?"

त्या एजन्सीवाल्याला मेसेज टाकला तर उत्तरात रिन्युअलची रक्कम आली. दुसऱ्या दिवशी नकाशावर आमच्या नावाखाली लाल अक्षरं: 'कायमचे बंद'. ऐन हंगामात. ताटं उचलायला वेळ नसतो अशी गर्दी असते त्या दिवसांत टेबलं रिकामी. आचाऱ्याला सुट्टी द्यावी लागली.

यातून बाहेर कसं पडलो ते नीट सांगते, कुणाच्या तरी कामी येईल. आधी तातडीचं. नकाशावर कुणीही 'सजेस्ट अ‍ॅन एडिट' करू शकतं. मेसमधल्या पोरांनी आपापल्या मोबाईलवरून 'ही जागा चालू आहे', 'नंबर चुकीचा आहे' असं कळवलं, सोबत बोर्डाचे फोटो जोडले. 'बंद' निघालं, नंबर काही निघाला नाही. मग मालकीची मागणी. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर आपलं नाव शोधलं की नोंद दुसऱ्या मेलवर आहे असं कळतं, त्या मेलची काही अक्षरंही दिसतात. तिथूनच हक्क मागायचा. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. तो गप्प बसला तर पुढं दावा करता येतो. यानं नकार दिला. नकारावर अपील करता येतं. तिथं शॉप अ‍ॅक्ट, फूड लायसन्स, मेसच्या पत्त्याचं लाइटबिल, सगळं दिलं आणि पुन्हा एकदा शटरसमोर उभी राहिले. या वेळी व्हिडिओ पुतण्यानं काढला, माझ्या मेलवरून. प्रोफाइल परत मिळालं तोवर पोरं दुसरीकडं बसली होती.

त्या रिकाम्या दिवसांत आम्ही जुनाच मार्ग धरला. होस्टेलच्या रेक्टरना आणि रूममालकांना भेटलो, नव्या पोराला पहिलं जेवण फुकट ठेवलं, रोजचा मेनू व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या स्टेटसला टाकू लागलो आणि आईबापांना तो नंबर दिला. त्यातून जेवढी पोरं आली तेवढी त्या शंभर रिव्ह्यूंनी कधी आणली नव्हती. खर्च तांदूळ-डाळीचा.

आता बिलाचं. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर तपासता येतो. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. त्याच्या बिलावरचा टाकला तर भलत्याच फर्मचं नाव आलं आणि नोंदणी 'कॅन्सल्ड'. म्हणजे जीएसटी म्हणून घेतलेले ४,३२० रुपये सरकारकडं जायचा प्रश्नच नव्हता. नोंदणी नसलेल्यानं कर वसूल करायचा नाही, हे जीएसटी कायद्याच्या कलम ३२ मध्ये सरळ लिहिलंय. पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. आमच्या वेळी त्याला फार उशीर झाला होता.

ग्राहक आयोगात एक अडचण आहे, ती आधीच माहीत असू द्या. समोरचा पहिला मुद्दा हाच काढतो की सेवा धंद्यासाठी घेतली, मग तुम्ही ग्राहक कसले? २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा वगळलेली आहे, आणि स्वतः राबून पोट भरणाऱ्याचं काय, यावर वाद होतो. म्हणून वकिलांनी आमच्या अर्जाच्या सुरुवातीलाच लिहिलं की ही बाई स्वतः चुलीपुढं उभी राहते आणि घर याच मेसवर चालतं. बाकी वाट सोपी आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, त्याच्या कार्डावर पुण्याचा पत्ता असला तरी. मुदत दोन वर्षांची.

नोटीस त्या पुण्याच्या पत्त्यावरून परत आली. आता क्यूआर कोडमागच्या खात्यावरून त्याचा माग काढायचाय. एकाच माणसानं एकाच पद्धतीनं फसवलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं मिळून तक्रार करता येते. नांदेडचे अभ्यासिकावाले तयार आहेत. तुमच्याकडंही 'गोल्ड पॅकेज'चं बिल असेल तर ते, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा, चॅट डिलीट करू नका. आणि आजच तुमच्या प्रोफाइलवर 'पीपल अँड अ‍ॅक्सेस' उघडा. ते उघडतच नसेल, किंवा 'प्रायमरी ओनर' म्हणजे मुख्य मालकासमोर तुमचा मेल नसेल, तर मालकीची मागणी आत्ताच टाका, जूनची वाट बघू नका.