ओटीपी कोणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले

माझ्या मामांनी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. लॉटरीला भुलले नाहीत की कोणाच्या धमकीला घाबरले नाहीत. तरी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यांच्या खात्यातून ८६,५०० रुपये गेले. ज्यांचे आईवडील दूरच्या मुलानातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. मामांना विचारूनच लिहिते. "लिही, पण नाव नको टाकू," एवढंच ते म्हणाले.

मामा-मामी नागपुरात मानेवाड्याकडे राहतात. मामा निवृत्त आहेत, मुलगा टोरांटोला, नातू तिथेच जन्मलेला. उन्हाळ्याच्या घड्याळात टोरांटो आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणून आपली संध्याकाळ ही त्यांची सकाळ. या घरातला सगळा दिवस त्या एका कॉलभोवती फिरतो. मामी भाजीसुद्धा त्या वेळेच्या आत फोडणीला टाकून मोकळी होते.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा देतात. मामांनी नातवासाठी नंदी आणला होता. त्याला बेगड लावली, झूल शिवून घेतली. संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडे सकाळी साडेआठला, शाळेत जायच्या आधी नातवाला तो दाखवायचा आणि बोजाऱ्याचं पाकीट त्याच्यादेखत देवापुढे ठेवायचं, असं ठरलं होतं.

मुलाने मामांना नवा फोन घेऊन दिला होता. दुकानातून तो सुरू करून आणला, व्हॉट्सॲपही टाकून आणलं. पण व्हिडिओचं बटण दाबलं की इंग्रजीत एक चौकट यायची आणि कॉल लागायचाच नाही. कारण अगदी साधं होतं. ॲपने पहिल्यांदा मायक्रोफोन वापरण्याची परवानगी मागितली तेव्हा मामांनी 'नाही' दाबलं होतं. आम्ही सगळ्यांनीच त्यांना शिकवलं होतं की फोनने काही मागितलं तर नाही म्हणायचं. त्यांनी ते पाळलं. कोणती परवानगी कशासाठी लागते हे मात्र कोणी समजावलं नव्हतं.

मी राहते इतवारीत. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्यामुळे आमच्याकडचे रस्ते गर्दीने बंद असतात. संध्याकाळपर्यंत येते, असं मी मामांना फोनवर सांगितलं. मामी त्यांना म्हणतही होती, "अजी, राहू द्या ना, ती येऊन राहिली म्हणते." पण सहाच्या आत कॉल सुरू व्हायला हवा होता. मामांनी गुगलवर व्हिडिओ कॉलचा कस्टमर केअर नंबर शोधला. वरच एक मोबाइल नंबर आला. त्यांनी तो लावला.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. व्हॉट्सॲपचा असा फोन करून बोलायचा कस्टमर केअर नंबर नाहीच. त्यांची मदत ॲपच्या आत, सेटिंग्जमधल्या 'मदत' या भागात लेखी मिळते. इंटरनेटवर त्यांच्या नावाने जो मोबाइल नंबर दिसेल तो कोणीतरी मुद्दाम पेरलेला आहे. बँक, गॅस, कुरियर यांच्या नावांनीही असेच नंबर पेरलेले असतात. जिथे अडलेला माणूस घाईत शोधतो, तिथे हे लोक बसलेले असतात.

फोन उचलणारा हिंदीत फार अदबीने बोलला. "अंकलजी, टेन्शन मत लीजिए, पोते से बात करवा के ही फोन रखूँगा." आणि पुढे जे झालं तेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याने मामांचं काम खरोखर करून दिलं. सेटिंग्ज उघडायला लावली, ॲप्स, व्हॉट्सॲप, परवानग्या, मायक्रोफोन असं एकेक सांगत परवानगी सुरू करवली. मग "टेस्ट करते हैं" म्हणत स्वतःच व्हिडिओ कॉल केला. त्याचा कॅमेरा बंद, पडद्यावर फक्त हिरवा लोगो. मामांना आवाज स्वच्छ ऐकू आला, त्यांचा आवाज पलीकडे गेला. ज्या गोष्टीसाठी जीव कासावीस झाला होता ती दहा मिनिटांत झाली. त्या क्षणापासून मामांच्या लेखी तो माणूस परका राहिला नाही.

मग तो म्हणाला की हे तात्पुरतं चालू झालंय, परदेशी कॉलसाठी रजिस्ट्रेशन केलं नाही तर संध्याकाळी पुन्हा बंद पडेल. दहा रुपये लागतील. "आपको कुछ नहीं बताना है अंकल, ओटीपी किसी को मत बताइए, मुझे भी नहीं." हे वाक्य मामांनी मला तसंच्या तसं सांगितलं. जो स्वतःहून ओटीपी सांगू नका म्हणतो, तो चोर कसा असेल?

त्याने कॉल चालू असतानाच स्क्रीन शेअरचं बटण दाबायला लावलं. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये ही सोय २०२३ पासून आहे. ते दाबलं की तुमच्या फोनच्या पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं समोरच्यालाही दिसतं. फोन त्याआधी इशारा देतो की पासवर्ड, पैशांचे तपशील, मेसेज असं पडद्यावरचं सगळं दिसेल. पण मामांच्या फोनची भाषा इंग्रजी होती, अक्षरं बारीक होती आणि तो सारखा "जल्दी कीजिए, सर्वर का टाइम निकल जाएगा" म्हणत होता. मामांनी सुरू करायचं बटण दाबलं.

नंतर त्याने लिंक पाठवली. तिच्यावर दहा रुपये भरायचा फॉर्म होता. डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. मामांनी ते भरले. फॉर्म चोरांचाच, त्यामुळे तपशील थेट त्यांच्या हाती. उरला ओटीपी. तो बँकेकडून आला, नेहमीसारखा पडद्याच्या वरच्या बाजूला क्षणभर झळकला, आणि पलीकडच्याने तो वाचला. त्याच मेसेजमध्ये रक्कम इंग्रजीत लिहिली होती, ४९,०००. थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला, ३७,५००. "नेटवर्क के मैसेज हैं, मत खोलिए," असं तो म्हणाला आणि मामांनी ते उघडले नाहीत.

सहाला नातवाशी कॉल झाला. नंदी दाखवून झाला, बोजारा ठेवून झाला, मामी रडली, हसली. मी पोचले तेव्हा दोघं इतकी आनंदात होती की मी आधी तेच ऐकत बसले. मग मामांनी कौतुकाने सांगितलं की एका भल्या पोराने फोनवरच सगळं नीट करून दिलं, फक्त दहा रुपयांत. मी फोन हातात घेऊन मेसेज उघडले. मामा पुन्हा पुन्हा तेच बोलत होते, "मी त्याला एक आकडा नाही सांगितला बेटा. विचार मामीला, एक आकडा नाही." आणि ते खरंच होतं. त्यांनी नियम अक्षरशः पाळला होता. 'ओटीपी सांगू नका' एवढंच आपण वर्षानुवर्षं घोकून घेतलं, आणि चोरांनी न सांगता तो बघायची सोय शोधून काढली.

लगेच काय केलं ते सांगते, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. कार्डाच्या मागे छापलेल्या बँकेच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद केलं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. मग १९३० लावला. ही सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची देशभराची हेल्पलाइन आहे. लागायला वेळ लागला, पण लागली. खातं कुठल्या बँकेत, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा क्रमांक काय, एवढं त्यांना लागतं. ते मेसेजमध्येच असतं, म्हणून मेसेज पुसू नका. त्यांच्याकडून माहिती पुढच्या बँकांना जाते आणि पैसे जिथे पोचले असतील तिथे अडवले जातात. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन सायबर पोलीस ठाण्यात गेले. दुसरी रक्कम, ३७,५०० रुपये, वाटेत अडवली गेली. पहिली तोवर पुढे निघून गेली होती. अडवलेली रक्कमही आपोआप खात्यात येत नाही, आम्हाला त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. तो अर्ज सध्या चालू आहे.

बँकेने लेखी उत्तर दिलं की व्यवहार ओटीपीने प्रमाणित झाला आहे, त्यामुळे जबाबदारी ग्राहकाची. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. चूक बँकेची असेल, किंवा चूक ना बँकेची ना ग्राहकाची, यंत्रणेत तिसरीकडेच असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर त्यानुसार ग्राहकाला तोटा सोसावा लागत नव्हता. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने तपशील गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून बँकेला कळवण्यात एक मिनिटही घालवू नये. बँकेने तीस दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आम्ही तेही केलं आहे. सत्तरीतल्या माणसाला अनोळखी इंग्रजी इशाऱ्याखाली हातोहात फसवलं जातं त्याला निष्काळजीपणा म्हणावं, हे मला पटत नाही आणि तसं मी अर्जात लिहिलंय.

यानंतर मामांना आणखी एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, प्रोसेसिंग फी भरा." एकदा फसलेल्यांना असे फोन हमखास येतात, कारण नंबर चोरांमध्ये फिरतो. पोलीस पैसे परत द्यायला फी मागत नाहीत. तसंच व्हिडिओ कॉलवर पोलिसांची वर्दी दाखवून 'तुम्हाला अटक झाली' असं धमकावणारे, म्हणजे 'डिजिटल अरेस्ट' करणारेही भामटेच. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. खुद्द पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगावं लागलं.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते घरातल्यांचं बोलणं. "या वयात स्मार्टफोन कशाला हवा, बटणाचा साधा फोन द्या." नातेवाईक फोन करकरून मामांनाच समजावत होते. त्यानंतर बरेच दिवस मामा नातवाच्या कॉललाही समोर येईनात. मामी फोन धरायची आणि मामा आतल्या खोलीत. नातू विचारायचा, आबा कुठे. चोराने पैसे नेले, पण आबा नातवासमोर येईनासे झाले ते या बोलण्याने. कृपा करून आपल्या माणसांना असं बोलू नका आणि त्यांच्या हातातून फोन काढून घेऊ नका. मुलं हजारो मैलांवर असताना तो कॉल म्हणजे चैन नव्हे.

मी मामांचा फोन मराठीत करून दिला, अक्षरं मोठी केली. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि मग कॉल्स इथे अनोळखी कॉलरना शांत ठेवायची सोय आहे, ती सुरू केली. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करताना लागणारा जादा पिन टाकला. बचतीचं खातं वेगळं केलं आणि कार्ड ज्या खात्याचं आहे त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवतो. फोन अडला तर कोणाला लावायचा, ती दोन नावं कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिली: मी आणि शेजारचा एक मुलगा. आम्ही दोघं नसलो तर कॉल दुसऱ्या दिवशी होईल.

पण खरा उपयोग झाला तो मामेभावाने केलेल्या एका गोष्टीचा. एका रविवारी त्याने टोरांटोहून कॉलवर स्वतःचा स्क्रीन शेअर केला आणि बायकोला त्याच वेळी त्याच्या फोनवर मेसेज पाठवायला सांगितलं. मामांना इथे मानेवाड्यात बसून तो मेसेज आला तसा वाचता आला. ते वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे त्याला हे असं दिसून राहिलं होतं?" मी इतक्या वेळा तोंडाने समजावलं होतं ते त्यांना तेव्हा उमगलं. मामीने स्वतःहून ठरवून टाकलं की हे बटण कोणीही दाबायला सांगितलं, अगदी मुलाच्या आवाजात सांगितलं तरी, फोन कापायचा.

तुमचे आईवडील व्हिडिओ कॉल वापरत असतील तर पुढच्या कॉललाच हे करून दाखवा. पाच मिनिटं पुरतात, आणि त्यासाठी गावाला यावं लागत नाही. दाखवून झालं की त्यांच्या फोनमध्ये १९३० हा नंबर त्यांच्याच हाताने सेव्ह करून घ्या. मामांनी तो 'पैसे गेले तर' या नावाने ठेवलाय.