ओव्हन बॅगमधलं चिकन झक्कास, पण पाकिटावर तापमान लिहिलेलं नसेल तर घेऊ नका

वाशीला सेक्टर 17 मध्ये बेकिंगचं सामान मिळतं तिथल्या एका दुकानातून ओव्हन बॅगा घेतल्या, त्या पारदर्शक पातळ पिशव्या असतात ना, मॅरिनेट केलेलं चिकन भरायचं, तोंड बांधायचं आणि सरळ ओव्हनमध्ये. दहाचं पाकीट 320 रुपये. चवीचं आधी सांगते, चिकन इतकं मऊ होतं की हाडापासून आपोआप सुटतं, रस सगळा आतच राहतो आणि ट्रे घासत बसावं लागत नाही. आमच्या उलव्याकडे थंडीत पोपटी लावतात, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन आणि भोवती जाळ, तसंच हे आतल्या आत वाफेवर शिजतं, फक्त पाल्याचा तो वास नाही.

सासूबाईंनी लगेच विचारलं, अगं प्लास्टिकमध्ये शिजवायचं म्हणजे? अगदी बरोबर विचारलं, कारण सगळं प्लास्टिक सारखं नसतं आणि इथेच लोकांची गल्लत होते. खऱ्या ओव्हन बॅगा नायलॉनच्या किंवा पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्या ज्याच्या असतात ते प्लास्टिक) असतात, ते वितळायला साधारण 220 ते 260 अंश लागतात, म्हणून पाकिटावर 200 अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. आपल्या घरातली झिप लॉकची पिशवी, भाजीवाल्याची पातळ पिशवी, या बहुतेक पॉलिथिनच्या, ते प्रकाराप्रमाणे साधारण 105 ते 135 अंशाला वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. त्यात अंडी फोडून उकळत्या पाण्यात सोडून ऑम्लेट करायचे व्हिडिओ फिरतायत, प्लीज करू नका, पिशवी भांड्याच्या बुडाला चिकटली तर तिथे पाण्यापेक्षा जास्त गरम असतं. आणि वितळली नाही म्हणजे सेफ असंही नाही हो, प्लास्टिकमधले घटक अन्नात उतरायला पिशवी फाटायची वाट बघत नाहीत, उष्णता, वेळ आणि तेल-तूप जितकं जास्त तितकं ते वाढतं. आपलं मॅरिनेशन म्हणजे तेल, दही, वर आणखी तूप!

बीपीए (बिस्फेनॉल ए, काही प्लास्टिक बनवताना वापरतात ते रसायन) फ्री लिहिलंय म्हणून निर्धास्त होणारे पण खूप बघितले. बीपीए मुख्यतः पॉलीकार्बोनेटच्या कडक बाटल्यांमध्ये आणि डब्यांच्या आतल्या कोटिंगमध्ये वापरतात, पॉलिथिन किंवा नायलॉन बनवायला ते लागतच नाही, त्यामुळे पिशवीवर ते लिहून आपल्याला काही कळत नाही. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षेचे नियम करणारी सरकारी संस्था) 2018 च्या पॅकेजिंग नियमात प्लास्टिकमधले घटक अन्नात उतरायची एकूण मर्यादा किलोला 60 मिलीग्रॅम आहे, पण तपासणी वापराप्रमाणे ठरलेल्या तापमानाला होते, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायला पास झालेली पिशवी शिजवायला पास झाली असा अर्थ होत नाही. फूड ग्रेड वाचून थांबू नका, किती अंशांपर्यंत ते बघा.

वापरताना सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याकडे ओटीजी (घरगुती विजेचे ओव्हन) छोटे असतात, 25-30 लिटरचे, आणि बॅग तापली की फुगून वर येते. माझी फुगली तेव्हा वरच्या रॉडपासून जेमतेम चार बोटं राहिली होती, म्हणून रॅक एकदम खाली लावा, वरचा रॉड बंद ठेवा, ग्रिल मोड तर अजिबात नको. चिकन भरायच्या आधी चमचाभर मैदा टाकून बॅग हलवून घ्यायची आणि वरच्या बाजूला सुरीने चार-पाच चिरा द्यायच्या, नाहीतर वाफ कोंडून बॅग फुटते. तापमान 180 च्या वर मी नेत नाही. चिकन आतून 74 अंश व्हायला हवं, थर्मामीटर असेल तर चिरेतूनच खुपसा. बॅग कापताना तोंड लांब ठेवा, वाफ सणसणीत असते.

तरी दर आठवड्याला मी हे करणार नाही. नेब्रास्का विद्यापीठाच्या 2023 च्या अभ्यासात लहान मुलांच्या खाण्याचे प्लास्टिकचे डबे मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यावर प्लास्टिकचे सूक्ष्म कण भरपूर सुटलेले दिसले होते, डबे वेगळे आणि बॅग वेगळी हे मान्य, पण घरात लहान पोर आहे, तिच्यासाठी मासा असला की मी केळीच्या पानात गुंडाळून तव्यावरच करते, छान होतो.

बॅगेला माझ्याकडून चार स्टार. दुकानाला तीनच, कारण तिथे सुट्या बॅगा पण विकतात, पाच-पाचच्या, साध्या पिशवीत घालून, त्यावर ना मटेरियल ना तापमान, आणि विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला सगळ्या सेमच असतात ताई. त्या स्वस्त पडतात म्हणून लोक उचलतात. छापील पाकीटच मागा, आणि बिल देण्याआधी मागची बाजू वाचून घ्या.