आमच्या पाड्यावरची अंगणवाडी

धाकटीला अंगणवाडीत घातलं तेव्हा वाटलं, खिचडी खाऊन परत येईल, एवढंच. पण सेविकाताईंनी पहिल्याच आठवड्यात मलाही आत बसवून घेतलं. परातीत चवळी नि राजमा मिसळलेला, आणि लेक जीभ बाहेर काढून एकेक दाणा चिमटीत उचलतेय! "घरी भाजी निवडताना हिला जवळ घ्या, बोटांना वळण लागतं, पुढे पेन्सिल नीट धरता येते," ताई म्हणाल्या. आता मेथी आम्ही दोघी निवडतो.

लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालवाडी काढली, पुढे शाळाच मुलांच्या अंगणात नेली. इथे तेच दिसतं.

तक्रार एकच. पालकसभा सकाळी अकराला असते, तेव्हा हिचे बाबा कामावर. संध्याकाळी ठेवा ना, ताई. त्यांनाही ती परात बघायचीय.