हरभट रोडमागचं जुन्या नाण्यांचं दुकान, तांब्याची टोकनं हवी असतील तर जाच

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीत हे छोटं दुकान आहे, बोर्ड पण धड नाही, विचारत विचारत जावं लागतं. शिवराई न १९४३ चे भोकाचे पैसे तर कुठंही मिळतात, मी गेलो होतो अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या टोकनसाठी आणि दुकानवाल्या काकांच्या डब्यात चक्क दहा-बारा निघाली!

१८६१ ला युद्ध सुरू झालं तसं लोकांनी सोनं-चांदी दाबून ठेवली, पुढच्या वर्षी एक सेंटची नाणी पण गायब, सुट्ट्या पैशांची नुसती बोंब. मग तिथल्या दुकानदारांनीच सेंटच्या मापाची तांब्याची टोकनं पाडून घेतली, कुणी आपल्या दुकानाचं नाव टाकलं तर कुणी झेंडा. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर नावाच्या दारूवाल्यानं तर दहा लाखांच्या वर काढली, ट्राम कंपनीकडे त्यांचा ढीग साठला न ते बदलून मागायला गेले तर गडी सरळ नाही म्हणाला. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्यानं सरकारनं हे सगळं बंद केलं.

मी आधी उचललं ते एकदम चकचकीत केशरी. काका म्हणाले, "थांबा, ते कुणीतरी चिंचेनं घासलंय, नका घेऊ," आणि भिंग हातात दिलं. खरंच, एकाच दिशेनं बारीक ओरखडे. मग त्यांनी चॉकलेटी रंगाचं १८६३ चं काढलं, मागं 'वन सेंट' मोठ्या अक्षरात आणि त्याच्या डोक्यावर 'नॉट' इतकं बारीक की भिंगाशिवाय मला दिसलंच नाही, म्हणजे चालवायचं सेंट म्हणूनच पण खोटं नाणं पाडल्याचा आळ नको. ते हातात घेऊन मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. मागच्या वर्षी ऑनलाइन एकाकडून घेतलेलं ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेलं नकली निघालं होतं, पैसे बुडाले, त्यामुळं इथं काट्यावर वजन करून दाखवलं याचं मला फार बरं वाटलं.

एक तक्रार आहे. नाणी नरम प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतात, त्यानं तांबं हिरवं पडतं. २०१९ च्या पुरात आजोबांच्या शिवराया भिजून हिरव्या झाल्यात, ते दुखणं मला माहितीय. काकांना बोललो, कागदी होल्डर आणतो म्हणालेत. भाव लिहिलेले नसतात, विचारावे लागतात, यूपीआय चालतं.

सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा दारातून ऊन आत येतं न तांब्याचा खरा रंग दिसतो.