गोल नाकाचा की जुळा? काल्पनिक स्पिटफायर निवडताना

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं एक प्लास्टिक किट सूचनापत्रिकेप्रमाणे जोडून होतं, दुसरंही होतं. तिसरा डबा उघडताना मात्र डोक्यात किडा वळवळतो: या विमानाची वाट थोडी वेगळी असती तर ते दिसलं कसं असतं? अशा वेळी बहुतेकांना दोनच गोष्टी सुचतात. लांब नाक कापून तिथे गोल रेडियल इंजिन (सिलिंडर गोलाकार मांडलेलं) बसवायचं, नाहीतर दोन विमानं मधल्या पंखाने जोडून जुळं करायचं. 1:72 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मापात, मी दोन्ही करून बसलोय. एक कपाटात पुढे आहे आणि दुसरं मागच्या रांगेत, पाहुण्यांना दिसणार नाही असं.

काल्पनिक मॉडेल म्हणजे शेवटी थापच. ती पचवायची तर आजूबाजूचं सगळं खरं लागतं, आणि एका मॉडेलात एकच थाप खपते. दोन्ही पर्याय मी याच मापाने मोजतो.

गोल नाकाची थाप जवळजवळ खरीच वाटते, कारण तिला सख्खी भावंडं आहेत. स्पिटफायरमध्येही असणारी मर्लिन इंजिनं पुरणार नाहीत या धास्तीने ब्रिटिशांनी लँकॅस्टर बॉम्बफेक्याला ब्रिस्टल हर्क्युलीस ही रेडियल इंजिनं बसवली आणि तशी 300 मार्क 2 विमानं बांधली. तीच धास्ती स्पिटफायरच्या कारखान्यापर्यंत पोचली, एवढंच आपण म्हणायचं. जपानमध्ये तर हे प्रत्यक्षात घडलं. की-61 या लढाऊ विमानाची धडं तयार होती आणि त्यांची द्रवाने थंड होणारी इंजिनं मिळत नव्हती. मग 1945 च्या सुरुवातीला त्यावर मित्सुबिशीचं रेडियल चढवलं आणि की-100 जन्माला आलं. सोव्हिएत लॅग-3 चं ला-5 झालं तेही असंच.

या जपानी विमानाकडे नीट बघा, कारण आपल्या कामाची किल्ली तिथेच आहे. धड 84 सेंमी रुंद आणि इंजिनाचा व्यास 122 सेंमी. 1:72 मध्ये म्हणजे पावणेबारा मिमीच्या धडापुढे सतरा मिमीचं इंजिन, दोन्ही बाजूंना अडीच मिमीहून जास्त पायरी. नवखा माणूस ही पायरी पुट्टीने भरत सुटतो, मागे कॉकपिटपर्यंत उतार देतो आणि विमानाला गालगुंड झाल्यासारखं दिसतं. खऱ्या अभियंत्यांनी असं केलं नाही. जपान्यांकडे जर्मनीहून आलेलं फोके-वुल्फ 190 हे रेडियल इंजिनाचं लढाऊ विमान होतं, ते त्यांनी अभ्यासलं. त्यात धुराचे पाईप गोळा करून नेमके त्या पायरीच्या खोबणीत, दोन्ही कुशींना लावलेले असतात. आपणही तेच करायचं. पायरी तशीच ठेवायची आणि तिच्यात एक्झॉस्टच्या बारीक नळ्या ओळीने चिकटवायच्या. पुट्टी वाचते आणि थाप जास्त पटते.

कापायचं कुठे? स्पिटफायरच्या पेट्रोलच्या टाक्या कॉकपिटच्या पुढे असतात आणि त्यांच्यापुढे इंजिन अडवणारी भिंत. त्या टाकीच्या झाकणाची रेघ किटवर दिसतेच. तिच्या लगेच पुढे बारीक दात्यांच्या करवतीने सरळ काप घ्या. कटरने दाबून कापायला गेलात तर धड चिमटतं. इंजिन ब्यूफायटर या दोन इंजिनांच्या ब्रिटिश विमानाच्या किटमधून घ्यायचं. हर्क्युलीसचा व्यास साधारण 1.4 मीटर, म्हणजे 1:72 मध्ये साडेएकोणीस मिमी. वजन मर्लिनपेक्षा जास्त, लांबी मात्र कमी, त्यामुळे नाक मूळ स्पिटफायरपेक्षा आखूड ठेवा. जुन्या लांबीच्या टोकाला गोल इंजिन लावलं की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता आलं नाही तरी.

आता लोक हमखास विसरतात ती गोष्ट. रेडियल इंजिन हवेवर थंड होतं, त्याला रेडिएटर लागत नाही. मार्क 5 या स्पिटफायरच्या आवृत्तीचं किट असेल तर उजव्या पंखाखालचा चौकोनी रेडिएटर काढून ती जागा स्टायरीन शीटने बंद करायची. डाव्या पंखाखालचा छोटा गोलसर डबा ऑइल कूलरचा आहे, तो राहू द्या, तेल दोन्ही प्रकारच्या इंजिनांना लागतं. माझं विमान हातात घेऊन उलटं करणाऱ्या एकाच माणसाने आजवर हे ओळखलं, आणि मला तेवढं पुरलं. प्रोपेलरही इंजिनाबरोबर त्याच किटमधून उचला. पात्यांचा पीळ इंजिन कुठल्या दिशेने फिरतं त्यावर ठरतो. खुद्द स्पिटफायरमध्येही मर्लिन एका दिशेने फिरायचं आणि नंतरच्या आवृत्त्यांतलं ग्रिफन इंजिन उलट्या.

जुळ्यालाही आधार आहेत, पण जरा लांबचे. जर्मनांनी दोन मेसरश्मिट 109 जोडून 109झेड बांधलं, ते कधी उडालं नाही. अमेरिकेचं ट्विन मस्टँग 1945 मध्ये उडालं आणि पुढे कोरियातही लढलं. त्यामागे ठोस कारण होतं: पॅसिफिकवरचा लांबचा प्रवास आणि एक वैमानिक दमला तर दुसरा हजर. स्पिटफायरचा पल्ला तोकडा, ही त्याची जुनी दुखरी नस. तेव्हा बंगालच्या उपसागरावरून ब्रह्मदेशापर्यंत जाणारं जुळं स्पिटफायर, ही गोष्ट चांगली आहे. गोष्टीत जुळं गोल नाकाला हरवतं, हे मान्य.

हाताच्या कामात मात्र ते जीव काढतं. दोन डबे घ्यावे लागतात, तेही एकाच कंपनीचे. वेगवेगळ्या साच्यांतली धडं कागदावर सारखी असली तरी शेजारी ठेवल्यावर चुलत निघतात. मधला पंख आणि मधली शेपटी शीटमधून घडवायची. स्पिटफायरचे पंख मुळापासून वर चढत जातात आणि मधला तुकडा सपाट, त्यामुळे दोन्ही बाहेरचे पंख एकाच कोनात आणणं हीच खरी परीक्षा. पहिल्या वेळी मी वर्तमानपत्रावर ठेवून नजरेने जुळवलं. प्लास्टिक जोडायचं सिमेंट सुकल्यावर वरून पाहिलं तर उजवं धड शेपटीकडे दीड मिमी आत झुकलेलं, दोघं एकमेकांच्या कानात काहीतरी सांगतायत असं. नंतर काचेवर आलेखाचा कागद चिकटवून, दोन्ही धडांच्या मध्यरेषा त्यावर टेकवून पुन्हा जोडलं, पण तोपर्यंत सांध्याचं पुरतं रामायण झालं होतं. चाकांच्या पायांचाही घोळ आहे. दोन स्पिटफायर म्हणजे चार पाय. ट्विन मस्टँगप्रमाणे प्रत्येक धडाखाली एकच ठेवायचा, की चारही? काहीही ठरवा, पण चाकांचे खळगे त्याप्रमाणे बुजवा किंवा उघडा. जागेचंही बघा: मूळ विमानाचा पंख 1:72 मध्ये साडेपंधरा सेंमी, आणि जुळं सहज वीसपर्यंत जातं.

कापाकापी न करता नुसते रंग बदलणं हाही पर्याय आहे, पण तो स्पिटफायरवर फसतो, कारण हे विमान इतक्या देशांनी उडवलं की काल्पनिक म्हणून रंगवलेलं खरं निघतं. भारतीय करायला जाल तर 1944 मध्येच इंडियन एअर फोर्सच्या 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे स्पिटफायर आलेली. जर्मन इंजिनाचं म्हणाल तर जर्मनांनी हाती लागलेल्या एका मार्क 5 ला डेमलर-बेंझ बसवून उडवूनही पाहिलं.

तेव्हा पहिल्यांदाच करत असाल, एक सुट्टी आणि एक जास्तीचं किट एवढाच ऐवज असेल, तर गोल नाक घ्या. त्यातली चूक एका ठिकाणी राहते, फार तर नाक पुन्हा कापायचं. जुळं तेव्हाच घ्या, जेव्हा एकाच साच्याची दोन किटं माळ्यावर आधीच पडून असतील आणि सरळ रेषेचा सोस असेल. रंगाच्या बाबतीत दोन्हींना एकच नियम: थाप आकारात, रंग खरे. गोल नाकाला 1942 चे साधे ब्रिटिश रंग, वर हिरवा आणि करडा, शेपटीपुढे आकाशी पट्टा. जुळ्याला ब्रह्मदेश आघाडीची दोन निळ्या छटांची चिन्हं. तिथे लाल रंग काढून टाकला होता, जपानी लाल गोळ्याशी गफलत नको म्हणून. एका ओळखीच्याने जुळ्यावर शार्कचा जबडाही रंगवला. बघणाऱ्याला मग दुसरं काही दिसेचना.

ब्यूफायटरच्या डब्यातून मात्र हर्क्युलीस दोन निघतात. दुसरं माझ्याकडे अजून काड्यापेटीत आहे, आणि माळ्यावर हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं एक किटही आहे.