योरुबांची सोंगं: गेलेडे बघावं, एपा की एगुंगुन?

नोकरीनिमित्त नायजेरियात लागोसला आहात, सुट्ट्या मोजक्या, आणि तिथल्या योरुबा समाजाच्या मुखवट्यांचं एकच सोंग बघायला जमणार आहे. कोरीवकामाची ओढ असेल तर एगुंगुन यादीतून आधी काढा. तिथे सगळा कारभार कापडाचा. पट्ट्यांवर पट्ट्या, वर्षागणिक नव्या शिवलेल्या. आतल्या माणसाचं बोटही दिसत नाही, डोळ्यांपुढे फक्त जाळी. गिरकी घेतली की सगळ्या पट्ट्या छत्रीसारख्या उलगडतात. हे परत आलेले पूर्वज, म्हणून त्यांना हात लागू द्यायचा नाही. अबेओकुटा शहराकडच्या काही सोंगांच्या माथ्यावर कोरलेलं शिर असतं, लाकूड म्हणाल तर तेवढंच.

एपा याच्या अगदी उलट, लाकूडच लाकूड. एकिटी भागातलं. खाली मडक्यासारखा, ओबडधोबड तोंडाचा टोप आणि वर घोडेस्वार नाहीतर लेकुरवाळी बाई. उंची मीटरभराच्या पुढे, वजन वीस किलोंच्याही वर जातं. हे डोक्यावर घेऊन पोरानं मातीच्या उंचवट्यावर उडी मारायची. तोल गेला तर अपशकुन. ओसी-इलोरिनचा आरेओगुन (मृत्यू १९५४) आणि ओडो-ओवाचा बामगबोये (मृत्यू १९७८) हे यातले नावाजलेले कारागीर.

मला विचाराल तर गेलेडे. नैर्ऋत्य नायजेरियातल्या येवा भागात आणि सीमेपलीकडे बेनिनमधल्या केटूकडे ते होतं. म्हाताऱ्या बायकांच्या अंगी अफाट शक्ती असते, ती गावावर उलटू नये म्हणून ‘आमच्या आयांना’ खूश ठेवायचं. नाचणारे मात्र पुरुष. बायकांच्या वेशात, बहुधा जोडीनं. मुखवटा तोंडावर नसतोच, टोपीसारखा माथ्यावर बसतो आणि नाचणारा खालच्या झिरझिरीत कापडातून बघतो. कोरलेला चेहरा शांत, पण त्याच्या डोक्यावर काहीही: पक्षी गिळणारा साप, शिलाई मशीन, मोटरसायकल, विमान. घोट्यातले लोखंडी वाळे ढोलाचा बोल न बोल उचलतात. आदल्या रात्रीचा ‘एफे’ चुकवू नका. गावातल्या भानगडींची तिथे गाण्यातून जाहीर खिल्ली उडते. भाषा कळत नसली तरी हशा कळतो. युनेस्कोनं २००१ साली गेलेडेची दखल घेतली, ती उगीच नव्हे.

मुखवटा विकत घेणार असाल तर गेलेडेचा कडेनं तपासा. नाचासाठी केलेल्याला कापड बांधायला भोकं असतात आणि आतली बाजू डोक्याच्या घामानं काळवंडलेली असते. असा जुना नग देशाबाहेर न्यायला मात्र तिथल्या संग्रहालय आयोगाची परवानगी लागते.