टर्बोचे ३१ हजार घेतले, फाटला होता होज

डिझेल गाडी चढावर फुस्स आवाज करायला लागली आणि बोनेट उघडताच कुणी ‘टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला’ म्हणाला, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आमची जुनी टर्बो डिझेल हॅचबॅक घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. खंबाटकी चढताना पिकअप एकदम पडला, मागे काळा धूर आणि बोनेटखालून हवा सुटल्याचा आवाज. ॲक्सिलरेटर सोडला की आवाज बंद, दाबला की पुन्हा सुरू. घाट उतरून हायवेलगतच्या एका गॅरेजात गाडी घातली.

तिथला मिस्त्री बोलायला गोड. त्याने टर्बोचा हवेचा पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट माझ्यासमोर धरलं. “बघा साहेब, टर्बोने ऑइल फेकलंय.” मग पंख्याचा शाफ्ट चिमटीत धरून हलवला. तो खरंच हलत होता. “प्ले आलाय. असाच नेलात तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटेल, चावी काढली तरी बंद होणार नाही.” मागच्या सीटवर आई होती. हे ऐकून पुढे जायची कुणाची छाती? नवा टर्बो ४२ हजार, रिकंडिशन लेबरसकट ३१ हजार.

आम्हाला समोरच्या हॉटेलात चहाला पाठवलं. परत आलो तर टर्बो चांदीसारखा चकाकत होता. जुना टर्बो मागितला. “तो एक्स्चेंजला गेला, म्हणून तर एवढ्यात बसलं साहेब.” बिल साध्या पावतीवर, जीएसटी नंबर नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर जे नाव आलं ते पाटीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, मेहुण्याचं खातं आहे. गाडी मात्र मस्त ओढायला लागली, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही.

काही आठवड्यांनी दिवे घाटात पुन्हा तोच आवाज. या वेळी नाना पेठेतल्या ओळखीच्या फिटरकडे गेलो. त्याचा पहिला प्रश्न होता, “धूर काळा की निळा?”

सगळी मेख या प्रश्नात होती. टर्बोचं सील जाऊन ऑइल जळायला लागलं तर धूर निळसर येतो आणि डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल कमी झालेलं दिसतं. इंजिन पळत सुटण्याची भीती खरी आहे, पण ती त्या बिघाडात. काळा धूर म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळत नाही. टर्बो हवा दाबतो, ती इंटरकूलरमधून थंड होऊन रबरी होजने इंजिनात जाते. होज कुठे चिरला तर दाबलेली हवा तिथूनच बाहेर पडते, म्हणून फुस्स. न्यूट्रलला हा दाब जवळपास नसतो, त्यामुळे उभ्या गाडीत बहुधा काहीच ऐकू येत नाही. चढावर मात्र गाडी बोंबलते.

आणि ती दोन ‘प्रूफं’? इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑइलची वाफ त्याच पाइपात येते, त्यामुळे जुन्या गाडीत आतून तेलकट थर असतोच. शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. बंद इंजिनात तो आडवा किंचित हलणारच. पुढे-मागे सरकत असेल किंवा पंख्याची पाती बाहेरच्या आवरणाला घासत असतील तर काळजी करायची. थोडक्यात, त्या मिस्त्रीने मला चांगल्या टर्बोची लक्षणं दाखवून टर्बो मेल्याचं पटवलं होतं. कला आहे, मानलं पाहिजे.

फिटरने हवेचा मार्ग तोंडाशी बंद केला, कंप्रेसरने थोडा दाब भरला आणि होजवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या होजला खालून, क्लिपच्या अगदी शेजारी, फेस आला. हात घालून पाहिलं तर तिथे काळी टेप गुंडाळलेली आणि वर घट्ट आवळलेली क्लिप. त्या दिवशी पिकअप परत आला तो या टेपमुळे. टर्बोचे नट जळक्या गंजाने जाम होते, पान्याची एक खूण नव्हती. ऑइल पाइपचे तांब्याचे वॉशर टर्बो काढला की नवीन घालायचे असतात, तेही जुनेच, काळे पडलेले. चांदी म्हणजे जुन्याच टर्बोला तारेच्या ब्रशने घासून मारलेला स्प्रे. नवा होज लेबरसह अडीच हजारांच्या आत बसला.

गॅरेजला फोन केला तर “आमच्याकडे अशी गाडी आलीच नव्हती”. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. हातात पावती, यूपीआयची नोंद आणि फिटरने मला काढायला लावलेले नट-वॉशरचे फोटो आहेत. टर्बोवरच्या पट्टीचा, सीरियल नंबर दिसेल असा फोटो काम सुरू व्हायच्या आधी असता, तर मेहुण्यालाही उत्तर देता आलं नसतं. तुमच्याकडे कुणी टर्बो बदलायला काढला तर तेवढा फोटो आधी काढा, आणि जुना टर्बो हातात मिळेपर्यंत क्यूआर स्कॅन करू नका.